अडकित्ता

बाटलीत दोन गोळ्या उरल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांसाठी तीस दिल्या होत्या, म्हणजे एकही चुकली नव्हती. सलग तिसऱ्या महिन्यात चुकली नव्हती, म्हणूनच मला खटकलं. औषधाच्या चाचणीत इतर आयांच्या बाटल्यांत एखादी तरी कमी-जास्त निघते. शिवाय समोर बसलेल्या आईच्या लेकीच्या, तेजलच्या रक्तात औषध फारच कमी सापडलं होतं.

"गोळी रोज देता ना, ताई?"

"देवाशप्पथ. माझ्या हातानं."

"पूर्ण?"

आईनं तेजलकडे पाहिलं. तेजल अजूनही नकळत डोळे मिचकावत होती. बाकावर बसलेली तिची जुळी बहीण रेणू मात्र बरीच सुधारलेली दिसली. पूर्वी तिची मान सारखी उडायची.

चाचणीत एका घरातलं एकच मूल घेतात. मीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तेजलची निघाली.

"अर्धी-अर्धी देते, मॅडम. एकीलाच कशी देऊ? पण तेजलला काढू नका हो."

"तोडता कशानं?"

"सुरीनं चुरा होतो. सासऱ्यांचा अडकित्ता आहे."

"अडकित्त्यानं सारखे तुकडे होतात?"

"नाही होत. मोठा तुकडा एक दिवस हिला, एक दिवस तिला."

मी रेणूच्या स्थिर मानेकडे पाहिलं. मोठा तुकडा कोणाला जात असेल, याचा अंदाज आला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्तात औषध किती आहे ते पाहायला त्यांनी दोघींचं रक्त तपासायला पाठवलं.

चार दिवसांनी अहवाल आला. तेजल, सहा पूर्णांक दोन. रेणू, सहा पूर्णांक दोन.