तापलेल्या नळीची साक्ष

सिद्धेशने कुंकवाचे बोट रायफलच्या नळीला टेकवले आणि तत्क्षणी मागे घेतले. नळी निखाऱ्यासारखी तापली होती. तिच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघत होती.

"हिमानी, चटका बसला यार," तो बोट चोखत म्हणाला.

"कुंकू खाऊ नकोस आधी," त्याची पत्नी हिमानी मागून म्हणाली. तिच्या हातात पूजेचे तबक होते. "आणि लवकर आटप. या वाऱ्यात निरांजन टिकत नाहीये."

तो खंडेनवमीचा दिवस होता. सकाळी घरी लॅपटॉपची आणि गाडीची पूजा झाली होती. सिद्धेशने नव्याने घेतलेली रायफल तेवढी राहिली होती. ते राहत त्या अमेरिकेतील नोव्हाय शहरापासून तासाभराच्या अंतरावर त्याच्या ऑफिसातील मित्र डेल याचे शेत होते आणि शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध होता. त्या बांधावर सिद्धेशने उसंत न घेता गोळ्यांची आठ मॅगझिने रिकामी केली. नववे अर्धे झाले तेव्हा त्याने रायफल टेबलावर, वाळूच्या दोन पिशव्यांच्या मध्ये, बांधाकडे तोंड करून ठेवली. गोळी मात्र आत राहू दिली.

"रिकामी करून ठेवा, जावईबापू," त्याचे सासरे राजाराम दुसऱ्यांदा म्हणाले.

"बाबा, पूजेला आपण रिकामा कलश मांडतो का? मग रिकामं शस्त्र कसं मांडायचं? चिल करा, सेफ्टी ऑन आहे."

 राजाराम पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार होते. परंतु बंदुकीविषयी अधिकाराने बोलण्याचा आपणास हक्क उरलेला नाही, असे ते मानीत. छत्तीस वर्षांपूर्वी सरावाच्या मैदानावर, सलग गोळीबार थांबल्यानंतर, त्यांच्या हातातील रायफल अकस्मात उडाली होती. निशाणाकडे निघालेला त्यांचा सोबती गुरुनाथ गुडघ्यात गोळी लागून कोसळला. त्याचा पाय कापावा लागला. माझे बोट ट्रिगरवर नव्हते, असे राजारामांनी चौकशीत सांगितले. ते कोणासही पटले नाही. तेव्हा खाटेवर पडलेल्या गुरुनाथने शपथेवर साक्ष दिली की, "मी त्याच वेळी वळून पाहिलं. त्याचं बोट बाहेर होतं." त्या एका वाक्याने राजारामांची नोकरी वाचली. मन मात्र शांत झाले नाही. बोट लागल्याविना बंदूक उडेल कशी? वर्षे लोटली, तसा त्यांचा स्वतःवरील विश्वास झिजत गेला. गुरुनाथने खरोखरच पाहिले होते काय, हे विचारण्याचे धैर्य त्यांना कधीच झाले नाही.

सिद्धेशने झेंडूचे फूल उचलले. नळीच्या टोकाशी ते वाहावे, म्हणून तो टेबलाला वळसा घालून पुढे गेला आणि हात जोडून वाकला.

राजाराम धावले. त्यांनी जावयाची कॉलर धरली आणि सर्व शक्तीनिशी त्यास बाजूला ओढले. दोघेही गवतावर आदळले.

"बाबा! काय हे? डेल बघतोय, तो काय म्हणेल..."

रायफल कडाडली. बांधावरची माती उसळली. हिमानीच्या हातातील तबक खाली पडले. टेबलापाशी कोणीही नव्हते.

"डोन्ट टच इट!" डेल ओरडला. दोन्ही हात पसरून त्याने सर्वांना मागे रोखले.

राजाराम उठून बसले. त्यांनी रायफलीवरून दृष्टी हलविली नाही. काही क्षण गेले. ती पुन्हा कडाडली. या वेळी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ट्रिगरजवळ केवळ वारा होता.

डेल इंग्रजीत भराभर सांगू लागला. सिद्धेशने त्याचे मराठी केले. "बाबा, तो म्हणतो, सलग चालवली की नळी इतकी तापते की आतली गोळी आपोआप पेटते. सेफ्टीने काही थांबत नाही. म्हणून रिकामी करून, उघडी ठेवून थंड होऊ द्यायची."

"पुन्हा सांगा. बोट लागत नाही?"

"कुणाचंच नाही, बाबा."

सिद्धेशने सासऱ्यांचे पाय धरले.  राजारामांनी त्यास उठविले. त्यांचे डोळे भरले होते.

"माझे कसले आभार मानता? लग्नात तुमचे पाय धुतले, तेव्हा रीत म्हणून धुतले होते. आज मनापासून धुवावेसे वाटतात."

सिद्धेशला या बोलण्याचा अर्थ कळला नाही. राजारामांनी तोवर फोन लावला होता. साताऱ्याकडील एका गावात तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती.

"गुरुनाथ, माझं बोट बाहेरच होतं रे. नळी तापली होती. तापलेल्या नळीत गोळी आपोआप उडते. आत्ता, या डोळ्यांनी पाहिलं मी."



"राजा, शपथ घे."

"हिमानीची शपथ."

मग हुंदका ऐकू आला. पाय गेला त्या दिवशीही गुरुनाथ रडला नव्हता.

"देवा, तुझे उपकार! अरे, मी वळून पाहिलंच नव्हतं. तुझ्याच हातून झालं, असंच मी धरून चाललो होतो. तुझी भाकरी जाऊ नये म्हणून शपथेवर खोटं बोललो, आणि छत्तीस वर्षं रोज देवापुढे कान धरले. राजा, म्हणजे मी खरं बोललो होतो!"