अकरा रिकामे दिवस

"माझ्या काळात चलन पडलं? अहो दफ्तरदार, माझ्या काळात या बँकेत टेबलावरची पेन्सिलसुद्धा पडली नाही!"

तिसऱ्या माजी गव्हर्नरांनी तक्त्यावर काठी आपटली. दफ्तरदारांनी घाईघाईने रुमालाने तिचा डाग पुसला. देशाच्या मध्यवर्ती बँकेला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त मोठ्या दालनात हा तक्ता लागायचा होता. शेजारच्या देशाच्या चलनाशी आपल्या चलनाचा दर, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. पहिल्या दिवशी त्यांचं एक नाणं घ्यायला आपली दोन लागत. आता शेहेचाळीस लागत होती. म्हणजे मधली घसरण कोणाच्या तरी कारकिर्दीत येणार, हे उघड होतं.

दफ्तरदार बँकेला पहिल्या दिवसापासून चिकटलेले. रोज सकाळी ते वहीत दर लिहीत आणि गव्हर्नर त्याखाली सही करत. एक गव्हर्नर जाऊन दुसरे येईपर्यंत दोन-तीन दिवस खुर्ची रिकामी राही, तेवढे दिवस सहीचा मान दफ्तरदारांचा. चाळीस वर्षांत असे अकरा दिवस आले होते. त्या अकराही सह्या त्यांनी जरा मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून केल्या होत्या. बायकोला तेव्हा घरी येऊन सांगितलंही होतं.

आता हुकूम असा होता, की तक्त्याखाली सगळ्या गव्हर्नरांच्या सह्या हव्यात. पाचही माजी गव्हर्नर ठणठणीत होते, हे दफ्तरदारांचं नशीब. पहिले तर नव्वदीचे, चाकांच्या खुर्चीतून आले आणि म्हणाले, "मी दोनावर घेतलं आणि दोनावर ठेवून गेलो." वहीप्रमाणे त्यांनी पाचावर ठेवलं होतं. चौथ्यांचं म्हणणं, जे काही झालं ते आपण रजेवर असताना. दुसरे आणि पाचवे तर एकमेकांसमोर तक्ता बघायलाच तयार नव्हते.

सहावे, म्हणजे सध्याचे गव्हर्नर, शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "माझ्या सात महिन्यांत काही दाखवू नका म्हणजे झालं. बरं, तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावर आहेत ना?"

कागद तिथेच होते. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. बँकेची खोली सोडायची होती, दोन खोल्यांचं घर ठरवून झालं होतं आणि त्याची रक्कम त्याच कागदांतून यायची होती. दफ्तरदारांना जेवण जाईना.

"अहो, ज्या दिवशी खुर्चीत कोणी नव्हतंच, त्या दिवसांवर टाका सगळं," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "रिकामी खुर्ची थोडीच भांडायला येते?"

"अगं, इतिहास आहे तो. असा कसा ढकलायचा?"

"आणि घर? इतिहास देणार आहे का दोन खोल्या?"

दफ्तरदारांनी मान खाली घातली आणि नवा तक्ता आखायला घेतला. लाज वाटत होती, पण हात सराईत होता. चाळीस वर्षांची सगळी घसरण त्यांनी अकरा दिवसांत बसवली. प्रत्येक गव्हर्नरांच्या काळात रेघ ओट्यासारखी सपाट, आणि खुर्ची रिकामी झाली की धाडकन खाली.

सहाही सह्या एका सकाळीत झाल्या. पहिले गव्हर्नर "हा खरा इतिहास" म्हणाले. तिसऱ्यांनी दफ्तरदारांची पाठ थोपटली. आपण जन्मभर उगाच खरं लिहीत बसलो, असं दफ्तरदारांना क्षणभर वाटून गेलं.

समारंभाला अर्थमंत्री आले. आकड्यांचे ते कच्चे होते, पण माणूस हुडकण्यात पक्के. फीत कापून झाल्यावर ते तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "खुर्चीत माणूस असला की चलन जागचं हलत नाही. खुर्ची रिकामी झाली रे झाली की आपटतं. या अकरा दिवसांत कारभार कोणाच्या हातात होता?"

आजी-माजी सहा गव्हर्नरांचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं. ते आत्ता झालं. सगळ्यांनी मिळून दफ्तरदारांकडे पाहिलं.

 दफ्तरदार धावत गेले आणि कपाटातून वही घेऊन आले. "साहेब, खरे दर यात आहेत. रोजच्या सहीनिशी आहेत. चलन रोज थोडं थोडं पडत होतं, सगळ्यांच्याच काळात!"

"वहीच्या पानावर एकेक सही असते," सध्याचे गव्हर्नर हळूच म्हणाले. "तक्त्यावर सहा आहेत."

मंत्र्यांना ते पटलं. तरी त्यांनी वही हातात घेतली, तक्त्यावरच्या तारखा बघून तेवढीच अकरा पानं काढली आणि एका सहीवर बोट ठेवलं. मोठं अक्षर, खाली दोन रेघा.

"ही कोणाची?"

"माझीच, पण साहेब..."

"अक्षर सुरेख आहे," मंत्री म्हणाले आणि चहाकडे वळले.

दुपारी दफ्तरदारांचे निवृत्तीचे कागद परत आले. त्यांच्यावर सही नव्हती, शेरा होता: 'अवघ्या अकरा दिवसांत देशाचं चलन दोनावरून शेहेचाळीसवर का नेलं, याचा खुलासा करावा.'