हळू आवाजातलं गाणं

“एकटी मुलगी नको गं घेऊस घरात. एखादं जोडपं बघ,” असं शेजारच्या साधनाने लिफ्टमध्ये बजावलं होतं. “मग म्हणू नकोस, सांगितलं नाही.” तेव्हा मैथिली हसली होती. आता ती हातात ओला टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये उभी होती आणि तिचा कान दर्शनाच्या बंद दाराला लागला होता.

आत तेच गाणं चाललं होतं. गिटार झुलत होती आणि एक बाई इतकी हळू गात होती, की शेजारच्या उशीवरून बोलतेय असं वाटावं. मैथिली गाणं ऐकत नव्हती. गाण्यामागे आणखी कुणाचा आवाज येतोय का, ते ऐकत होती.

मंदी आली तसा तिच्या नवऱ्याच्या, निनादच्या कंपनीने सगळ्यांचा पगार कापला. म्हणून दुबईतल्या, अल नाहदाच्या फ्लॅटची एक खोली भाड्याने दिली. दर्शना नाशिकची. हॉटेलांमध्ये गाण्याचे शो भरवणाऱ्या कंपनीत कामाला. स्वभावाने शांत. आपलं ताट आपण घासायची. मैथिलीच्या पाच वर्षांच्या ईशानीला खोलीत बसवून चित्रं काढू द्यायची. खटकायचं ते एकच. मैथिलीला ती वहिनी म्हणायची आणि निनादला नुसतं निनाद. वहिनी आहे, तर दादा कुठे गेला?

मग एका सकाळी निनाद दाढी करताना तेच गाणं गुणगुणला.

“हे कुठलं नवीन?”

“फ्रेंच बँड आहे. तीसेक वर्षांपूर्वीची इंग्लिश गाणी गातात. पोस्ट-पंक म्हणतात त्याला. मुळात नुसती चिडचिड आणि आरडाओरडा. हे लोक तीच गाणी ब्राझीलच्या बोसा नोव्हा ठेक्यावर म्हणतात. एकदम लाडात.”

“तुला बरं एवढं ठाऊक!”

“दर्शनाने सांगितलं. तिची कंपनी त्यांना दुबईत आणणार होती. स्पॉन्सर पळाले, शो खलास.”

कधी सांगितलं, कुठे बसून सांगितलं, हे मैथिलीने विचारलं नाही. ती दोघांवर नजर ठेवू लागली. एकदा ती ईशानीची बाटली भरायला आत गेली, तर ओट्यापाशी उभी दोघं बोलता बोलता थांबली. दर्शनाचे डोळे लाल होते. “कांदा,” ती म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

निनाद फुजैराच्या साइटवर गेला, त्या दुपारी मैथिलीने दार वाजवलं. वाक्य तिने आंघोळ करतानाच जुळवून ठेवलं होतं.

“सासूबाई येताहेत गं. खोली लागेल. जरा लवकरच.”

दर्शनाने कधी येताहेत, एवढंसुद्धा विचारलं नाही. “बरं वहिनी. देऱ्यात मैत्रीण आहे, तिच्या खोलीत बेड-स्पेस मिळेल, एक कॉट भाड्याने,” म्हणाली आणि बॅग काढली. निघताना तिने छोटा सीडी प्लेअर ईशानीच्या हातात दिला. “हा आता तुझा.”

“रिअली? फॉरएव्हर?” ईशानीने विचारलं.

दर्शनाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

परत यायला निमित्त ठेवून गेली, मैथिलीच्या मनात आलं. तिने दार लावलं, वरची कडीसुद्धा घातली. मग खोलीतली चादर ओढून काढून मशीनमध्ये टाकली. बऱ्याच आठवड्यांनी तिने चहा सावकाश प्यायला.

हॉलमध्ये ईशानीने प्लेअर लावला होता. ती क्रेयॉनने घर रंगवत गाण्याबरोबर गात होती. त्या फ्रेंच बाईचे श्वासात विरघळलेले शब्द मैथिलीला कधी धड कळलेच नव्हते. लेकीचे मात्र नर्सरीतल्या गाण्यासारखे खणखणीत ऐकू आले.

“डोन्ट कीप माय प्लेट, मम्मा, आय वोन्ट बी बॅक...”

मैथिलीने कप खाली ठेवला. “काय म्हणतेस ते?”

“दर्शना आंटीज साँग. माझं ताट ठेवू नका, असं मीनिंग आहे. शी क्राइज अँड देन शी प्लेज इट अगेन.”

तेवढ्यात दाराची बेल वाजली. निनाद आला होता. बूट न काढताच त्याने विचारलं, “दर्शना आहे ना? आमच्या एचआरवाल्या सतीशने सीव्ही मागितलाय तिचा.”

“गेली ती. मीच सांगितलं जायला.”

“जायला? कुठे?” तो दारातच थांबला. “अगं, तिची नोकरी गेलीय. व्हिसा कॅन्सल झालाय. नाशिकला घरी कुणाला माहीत नाही. तुलाही सांगू नको म्हणाली. वहिनींना कळलं तर खोली जाईल म्हणे.”

“देऱ्यात मैत्रिणीकडे गेलीय.”

“तिची देऱ्यात कुणी मैत्रीण नाही, मैथिली.”

दर्शनाचा फोन बंद होता. निनाद तसाच खाली पळाला. मैथिली साधनाकडे ईशानीला सोडून त्याच्या मागे गेली. देऱ्यातल्या बेड-स्पेसच्या बिल्डिंगा, अल क्वोजमधल्या कामगारांच्या वस्त्या, पोलीस स्टेशन, हॉस्पिटलं. वॉचमन म्हणत, अशा पुष्कळ येतात, पुष्कळ जातात. नाशिकहून दर्शनाच्या आईचा फोन आला. “शोच्या गडबडीत असेल ना हो ती?” आईने विचारलं.

दर्शना अजून सापडलेली नाही. मैथिली भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या शेजारच्या खोलीत एखादी मुलगी नवी राहायला आली असेल, कुणाला त्रास न देणारी, सगळ्याला ‘बरं’ म्हणणारी, तर आजच तिचं दार वाजवा. नाशिकची आहेस का, विचारा. नसली, तरी थोडा वेळ आत जाऊन बसा.