एकोणीस मैल

ट्रॉयचं डोकं गाडीत पेडलांपाशी होतं आणि पाय बाहेर कोठारात लोंबत होते. तोंडात टॉर्च. ती काढून तो ओरडला,

"आजी, गंडवायला मीच सापडलो का?"

आर्लिस म्हातारी कोठाराच्या दारात उभी होती. "काय झालं रे?"

"जाहिरातीत काय लिहिलंय? सत्तर सालची गाडी, फक्त एकोणीस मैल चाललेली. मीटरही तेच सांगतोय. आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा! झिजून खालचं लोखंड चकाकतंय. लाखभर मैल पळाल्याशिवाय असं होत नाही. मीटर मागे फिरवलाय तुम्ही."

"मीटर खरा आहे."

ट्रॉयचं टाळकंच सटकलं. या गाडीपायी त्यानं स्वतःचा ट्रक फुंकला होता. उसना ट्रेलर घेऊन अर्धं नेब्रास्का तुडवत आला होता.

पण बाकी गाडी बघावी तर कोरी करकरीत. टायरांवर रबराचे बारीक केस तसेच. ॲक्सिलरेटरवरच्या रेघासुद्धा बोटाला टोचत होत्या. झिजला होता तो एकटा ब्रेक. हे कसं काय? दाबायला गाडी आधी पळायला नको?

त्यानं त्या उघड्या लोखंडावर बोट ठेवलं. ते कोमट लागलं. मग पेडल त्याच्या बोटाखालून आपोआप खाली गेलं. सावकाश, पार तळापर्यंत. ब्रेकच्या दिव्यांनी मागची भिंत लालभडक झाली. गाडीची बॅटरी तर पलीकडे फळीवर काढून ठेवलेली होती.

ट्रॉय सरपटतच बाहेर आला. "कोण... कोण बसलंय आत?"

"एमिल. माझा नवरा." म्हातारीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "गाईंची धार काढून झाली की रोज संध्याकाळी इथं येऊन बसायचा. ब्रेक दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. पन्नास वर्षं. मार्चमध्ये पुरलं त्याला, तरी येतोच. गाडीच गेली तर सुटेल बिचारा. फुकट ने पोरा, पण ने."

"पण ब्रेकच का?"

आर्लिसनं दारातून बाहेर फाटकाकडे पाहिलं.

"शोरूममधून गाडी घरी आणली, तेव्हा आमची लोरी चार वर्षांची होती. नवी गाडी बघायला पळत आली."