तिसरी रेघ

नगरच्या बंबखान्यातला कानिफनाथ गल्लीतल्या दारादारावर गेरूने रेघा ओढत होता. घरात जितकी माणसं निजतात, तितक्या. आग लागलीच, तर धुरात किती जणांना शोधायचं ते बाहेरूनच कळावं. हन्नाबाईच्या दारावर दोन रेघा ओढल्या, तिची नि सुनेची. “तिसरी वढ,” ती म्हणाली. “माळ्यावर माझा योसेफ निजतो.” कानिफनाथ थबकला. योसेफ ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार गल्लीला ठाऊक होती. रेघ ओढावी, तर नसलेल्या माणसासाठी दुसऱ्याचा लेक जाळात शिरणार. न ओढावी, तर आईच्या डोळ्यांदेखत तिचा लेक पुसायचा. त्याने गेरूचा खडा तिच्या तळहातावर ठेवला. “मावशी, तो आला की तुमीच वढा.” तिने खडा पदराला बांधला. पुढल्या साली पावसाने धुतलेल्या रेघा गिरवायला कानिफनाथ आला. तिने गाठ सोडली. “घे बाबा, दुसऱ्या दारी लागंल.”