पुतळामामांचा हात

आमच्या चित्रकलेच्या वर्गाने त्यांना पुतळामामा हे नाव ठेवलं होतं, कारण मॉडेल म्हणून तासभर बसले तरी पापणीशिवाय त्यांचं काही हलायचं नाही. आज मात्र त्यांचा मांडीवरचा हात थरथरत होता. “पुन्हा हललात तर उद्यापासून दुसरा मॉडेल आणतो,” असं बजावून सर फोनवर बोलत बाहेर गेले. मला तो हात काही केल्या जमेना. शेवटी मी तो पाठीमागे लपलेलाच काढला. मधल्या सुट्टीत मामा माझ्या चित्रापाशी थबकले. “माझा हात खाल्लास की काय, पोरी?” मी ओशाळले. सुट्टीनंतर चौथऱ्यावर बसताना त्यांनी हळूच हात पाठीमागे नेला. सर आत आले. “मामा, हात मांडीवर होता ना?” “नाही सर, पाठीमागेच होता,” म्हणत मी चित्र दाखवलं. “बघू बाकीच्यांची.” सर वळेपर्यंत वर्गभर खोडरबर फिरू लागले होते.