किल्ल्या ठेवताना

उद्धवरावांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्यात एकच प्रश्न होता. 'तुमच्या नाटकातला किल्लेदार शत्रूच्या तबकात किल्ल्या ठेवतो तेव्हा पाहतो कुठे? रंगसूचनेत नुसतं "किल्ल्या ठेवतो" एवढंच आहे.' खाली सही धम्मरत्नची, चाकणच्या एका कंपनीतल्या कामगाराची. रविवारी इथल्या मंगल कार्यालयात तालीम असते, जमलं तर या, असंही त्याने लिहिलं होतं.

नाटक उद्धवरावांनीच लिहिलेलं. तरी उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

आता ते चाकणमधल्या त्या मंगल कार्यालयात अगदी मागच्या खुर्चीवर बसले होते. कोण पाहिजे, असं एकाने विचारलं, तेव्हा असंच, तालीम बघायला, असं पुटपुटले. खिशात एक पोस्टकार्ड होतं. त्यावर धम्मरत्नचा पत्ता तेवढा लिहून झाला होता.

मंचावर शेवटचा प्रवेश चालू होता. गडावरचं पाण्याचं टाकं आटलं आहे, आत बायकापोरं आहेत, त्यांना वाचवायला किल्लेदार गड देतो. धम्मरत्न पुढे आला आणि मान खाली घालून त्याने किल्ल्या ठेवल्या.

"सही कुठं करू, तेबी इचारा की किल्लेदार," शेजारी उभा असलेला पहारेकरी म्हणाला. हशा पिकला.

तो गणराज. उद्धवरावांनी काही विचारलं नसताना कपडेपट सांभाळणाऱ्या विमलबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कंपनी बंद पडायची वेळ आली, तेव्हा कामगारांच्या वतीने करारावर धम्मरत्नने सही केली. बहुतेकांच्या नोकऱ्या राहिल्या, गणराजसारखे काहीजण घरी बसले. नाटकातला भाला मात्र गणराजने सोडला नाही. पुढच्या रविवारी प्रयोग. घरी बसलेलेही बघायला येणार होते.

दिग्दर्शक दिग्विजय वैतागला होता. "धम्मा, एक तर नायक धर, नाहीतर खलनायक. मधेच लोंबकळू नको. टाळ्या कुठं द्यायच्या न् शिव्या कुठं, ते लोकांना कळलं पाहिजे राव."

"लेखकाला विचारलंय. उत्तर नाही आलं."

"गेला आसंल," गणराज म्हणाला.

उद्धवराव खुर्चीत आणखी खाली सरकले. उठावं असं त्यांना वाटलं. पण उठून सांगायचं काय? लिहिताना तो क्षण त्यांनीही दोन शब्दांत उरकला होता.

पुन्हा प्रवेश. या वेळी धम्मरत्न छाती काढून सरळ प्रेक्षकांकडे पाहत आला. कोडगा दिसतोय, असं पुढच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं. पुन्हा. आता त्याने वर पंख्याकडे पाहिलं. दिग्विजयने कपाळाला हात लावला. दारात हळदीची मंडळी ताटं घेऊन ताटकळत होती, हॉल त्यांना द्यायचा होता. धम्मरत्न मंचावर येरझारा घालत राहिला. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात.

"शेवटचं," तो म्हणाला.

तो तबकापाशी आला. जुडगा पुढे धरला आणि थांबला. मग वळून त्याने पहारेकऱ्याकडे पाहिलं. इतका वेळ तेवढंच त्याने टाळलं होतं. नजर न हलवता त्याने किल्ल्या सोडल्या.

गणराजच्या ओठांवर काहीतरी तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"भाला खाली ठेवू का?" त्याने विचारलं.

प्रॉम्प्टरने पान उलटून पाहिलं. संहितेत असं वाक्य नव्हतं. धम्मरत्नला मान डोलवायलाही वेळ लागला.

उद्धवराव बाहेर आले. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीच्या फळीवर त्यांनी कार्ड ठेवलं. 'पहारेकऱ्याकडे पाहतो,' एवढं लिहिलं. पेन मिटलं, पुन्हा उघडलं. 'त्याचं वाक्य राहू द्या. मला ते सुचलं नव्हतं.'

समोरून नट मंडळी ढाली-तलवारी काखेत मारून बाहेर पडत होती. धम्मरत्न दारातच उभा होता. चार पावलं गेलं असतं तर कार्ड त्याच्या हातात देता आलं असतं.

त्यांनी ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं, आणि नीट पडलं की नाही, ते फटीतून बोटं घालून पाहिलं.